बाबेलची पाटी

पापडी,
३ सप्टेंबर २०२५

रेजिना बाय,

आशीर्वाद.

काल फोनवर तू ओरडलीस, मीही ओरडलो. माझा डावा कान गेला आहे, आणि उजव्याला फोन लावला की तुझा चढलेला आवाज तेवढा कळतो, मुद्दा कळत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. तोंडी उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत. तेव्हा जे म्हणायचं ते लिहून पाठव. विरार आणि पापडी यांच्यात पोस्ट अजून चालतं.

माझी बाजू आधी मांडतो. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमचं मंदिर जाळलं ते ख्रिस्तपूर्व ६०७ साली. तिथून बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातले काळ मोजत आलं की हिशेब यंदाच्या तेरा डिसेंबरला संपतो, आणि त्या दिवशी प्रभू परत येतो. ही मोजणी विल्फ्रेडनं आमच्या पहाट या प्रार्थना मंडळात मांडली. बेरीज मी स्वतः तपासली, चूक नाही. डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप आकसली आहे, दोन-तीन महिन्यांत बदलून घ्या. प्रभू येणार त्याच सुमाराला मी छाती उघडून इस्पितळात कशाला पडू?

आता माझा एक प्रश्न. तीन वर्षं मी मंडळात जातो. तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मग ऑगस्टपासूनच एवढी काळजी का? मागच्या बुधवारी तुझा जयवंत पापडीच्या बाजारात एका बिल्डरबरोबर चहा पीत उभा होता. मी समोर केळी घेत होतो. त्यानं मला पाहिलं आणि पाठ फिरवली. जावई सासऱ्याला पाहून पाठ का फिरवतो? आपल्या वाडीच्या दोन्ही बाजूंना इमारती झाल्या, मधली जागा आपलीच उरली आहे. इस्पितळातला म्हातारा सह्या करायला सोपा असतो, एवढं मला कळतं.

माझी अट लिहून ठेव. ६०७ चुकीचं आहे हे पुराव्यानं दाखव. भाषण नको, रडणं नको. दाखवलंस तर मी ऑपरेशन करून घेईन.

तुझा,
पप्पा


विरार (पश्चिम),
८ सप्टेंबर

प्रिय पप्पा,

तुमचं पत्र जयवंतनं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "सांगून टाक." सांगते. तो बिल्डर त्याच्या शाळेतला मित्र आहे आणि त्या दिवशी जयवंतच्या हातात सिगारेट होती. सोडली असं तुम्हाला इस्टरला सांगितलं होतं ना, म्हणून पाठ फिरवली. तुमच्या वाडीचं एक केळीचं पानसुद्धा आम्हाला नको आहे.

ऑगस्टपासून काळजी का, म्हणता? ऑगस्टमध्ये तुमचा हृदयाचा इको निघाला, म्हणून. त्याआधी तुम्ही प्रार्थनेला जात होता, आमच्या जिन्यात दम लागून थांबत नव्हता.

पण मलाही संशय येतो पप्पा, आणि मीही लिहूनच विचारते. हा विल्फ्रेड कोण? कामणच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, एवढंच मला माहीत आहे. रोज संध्याकाळी तो तुमच्याकडे येतो. तुमची औषधं तो आणतो. घराची किल्ली त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. प्रार्थनेसाठी त्याला जागा हवी आहे असं तुम्हीच पावसाळ्याआधी बोलला होता. जगाचा शेवट जवळ आलेल्या माणसाला जागा कशाला लागते?

तुमची अट मला मान्य आहे. मी निर्मळला सुधाकरकाकांकडे गेले होते. हो, तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, मला माहीत आहे. मंडळावर ते हसले, म्हणून तुम्ही इतक्या वर्षांची मैत्री तोडलीत. पण शाळेत तुम्ही गणित आणि ते विज्ञान, हे मला आठवतं, आणि आकाशाचं वेड असलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

काका म्हणाले, बाबेलचे लोक दररोज आकाश बघून मातीच्या ओल्या पाटीवर लिहून ठेवत. चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ, कुठला ग्रह कुठे. तशी एक भाजलेली पाटी बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर नबुखद्नेस्सरच्या सदतिसाव्या वर्षातल्या तीसेक नोंदी आहेत. ग्रहांची ती मांडणी ख्रिस्तपूर्व ५६८ सालाशी जुळते. मंदिर जाळलं ते राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे त्याआधी एकोणीस वर्षं. ५६८ मध्ये १९ मिळवा. ५८७ येतात, ६०७ नाही.

म्हणजे तुमचा हिशेब वीस वर्षांनी पुढे जातो. पप्पा, मला तुमची श्रद्धा काढून घ्यायची नाही. मला फक्त ती वीस वर्षं हवी आहेत. आणि तेवढी वर्षं ही झडप पुरणार नाही.

तुमची,
रेजिना


पापडी,
१७ सप्टेंबर

रेजिना,

सिगारेटचं खरं मानतो, कारण इतकं फालतू खोटं कुणी रचत नाही. पण परवा सकाळी दोन माणसं आपल्या कुंपणाशी टेप लावून मोजत होती. मी बाहेर येईपर्यंत गेली. त्यांचा जयवंतशी संबंध नाही असंही तू लिहून देशील, तर दे.

आता पाटीबद्दल. तुझं पत्र मी विल्फ्रेडला वाचायला दिलं. तुझ्यामाझ्यात चोरी नाही, तशी त्याच्यामाझ्यातही नाही. त्याला ती पाटी ठाऊक होती. त्याचं म्हणणं असं, की पाटीवरच्या ग्रहांची नावं म्हणजे आजच्या विद्वानांचा तर्क आहे. चंद्र मात्र चंद्रच असतो, आणि चंद्राच्या नोंदी ५८८ सालालाही बसतात असं दाखवणारे लोक आहेत. पाटी वीस वर्षं मागे सरकली की मंदिरही सरकतं आणि ६०७ कायम राहतं.

म्हणून माझे प्रश्न. ती पाटी त्याच वर्षी लिहिलेली आहे, की नंतरची नक्कल? नक्कल असेल तर तीत चुका आहेत का? असल्या तर किती? साक्षीदार एकदा चुकला तर पुढचं का मानायचं?

सुधाकरनं काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत नको. तो जे म्हणतो ते त्याच्याकडून लिहून घे आणि सबंध पाठव. तो माझ्यावर हसला, पण आकड्यांशी त्यानं कधी लबाडी केली नाही.

विल्फ्रेडच्या किल्लीबद्दल: जूनमध्ये मी न्हाणीघरात घसरून पडलो तेव्हा दार आतून बंद होतं. त्यानं कौलं काढून आत उडी मारली. तुला सांगितलं नाही, कारण तू मला विरारला उचलून नेलं असतंस. त्यानंतर मी त्याला किल्ली दिली.

पप्पा


विरार,
२३ सप्टेंबर

पप्पा,

तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि मला हे तीन महिन्यांनी पत्रातून कळतं. यावर काय लिहू? शाळेत मुलांच्या वह्या तपासत होते, त्या तशाच मिटल्या.

टेपवाले आमचे नाहीत. मला वाटतं ते त्याचे आहेत. परवा शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढून कामणला गेले. गोदामाबाहेर एका टेम्पोत लाकडी बाकं चढवत होते, चर्चमध्ये असतात तशी. विल्फ्रेड स्वतः मोजून घेत होता. मी पलीकडच्या टपरीवरून बघितलं. नव्या जागेची तयारी नसेल तर बाकं कशाला? कुंपण मोजणारे आणि बाकं मोजणारा, दोन्ही एकाच महिन्यात?

सुधाकरकाकांनी लिहून दिलेलं खाली उतरवून पाठवते. त्यांचं अक्षर तुम्हाला लागणार नाही.

"पाटीवरची नोंद नबुखद्नेस्सरच्या सदतिसाव्या वर्षाची आहे. हातात आहे ती नंतरच्या लेखनिकानं केलेली नक्कल. ग्रहांची नावं तर्कानं ठरवलेली नाहीत. बाबेलच्या शेकडो पाट्यांवर तीच नावं आहेत आणि त्यांच्या चाली आपल्या ग्रहांशी जुळतात. सगळ्यांत सोपा साक्षीदार शनी. तो सावकाश चालतो, आकाशाची एक फेरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. पाटीवर तो मीन राशीच्या भागात आहे. ५६८ साली तो तिथेच होता. वीस वर्षं आधी तो आकाशाच्या वेगळ्याच भागात होता. चंद्र महिन्याला फिरतो, त्याला ओढूनताणून दोन ठिकाणी बसवता येईल. शनीला नाही."

एवढं पुरेसं आहे ना? सांताक्रूझच्या सर्जननं सात ऑक्टोबरची वेळ दिली आहे. मी हो म्हटलं आहे.

रेजिना


पापडी,
४ ऑक्टोबर

रेजिना,

सात तारखेला मी येणार नाही. वेळ रद्द कर.

तू उतरवलेली चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. "हातात आहे ती नक्कल" या वाक्यानंतर सुधाकर थांबेल हे मला पटेना. मी प्रश्न विचारला होता: चुका आहेत का? तो प्रश्न टाळणारा माणूस तो नव्हे. म्हणून काल रिक्षा करून निर्मळला गेलो. दोन ठिकाणी थांबावं लागलं, रिक्षावाल्यानं पाणी दिलं. सुधाकरनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि आधी खुर्ची पुढे ओढली. मग त्यानं आपल्याकडची प्रत दाखवली.

मधल्या दोन गोष्टी तू गाळल्यास. एक, लेखनिकानं पहिल्या महिन्यात एका नोंदीला नववी रात्र लिहिली आहे, आणि चंद्र त्या ताऱ्याजवळ आठव्या रात्री असतो. म्हणजे पाटीत चूक आहे. दुसरी, बायबलात एका ठिकाणी राजाचं अठरावं वर्ष आहे, दुसऱ्या ठिकाणी एकोणिसावं, आणि म्हणून ५८७ की ५८६ हा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही.

मी विचारलं होतं आणि तू झाकलंस. विल्फ्रेडनं माझ्यापासून एकही पान लपवलं नाही, विरोधातलंही नाही. तुझं म्हणणं खरं असेलही. पण तू ज्या हातानं ते वाढलंस, तो हात मी पाहिला. आता शनीवर विश्वास कसा ठेवू? तोही तूच उतरवून पाठवला आहेस.

उत्तर लिहू नकोस.

पप्पा


विरार,
६ ऑक्टोबर

पप्पा,

तरी लिहिते.

मी ते गाळलं. तुम्हाला एक फट दिसली की तुम्ही तिथेच बसाल अशी भीती वाटली. काकांनी मला बजावलं होतं, सगळं दे. मी ऐकलं नाही. चूक झाली.

वेळ रद्द केली.

आणखी एक सांगायचं आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी रागानं मी पुन्हा कामणला गेले आणि विल्फ्रेडसमोर उभी राहिले. म्हटलं, "माझ्या बापाला मारायचंय का तुम्हाला?" तो घाबरला. हातातली पावती त्यानं शर्टाला पुसली, आणि म्हणाला, "ताई, मी सरांना ऑपरेशन नको असं कधीच बोललो नाही. तो इको कुणी काढायला लावला? मीच त्यांना घेऊन गेलो होतो." बाकांचं विचारलं. ती वाघोलीच्या एका शाळेची होती, पॉलिश करून परत चालली होती.

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पण तो खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलतो. म्हणून तुम्हालाच विचारते. ऑपरेशन नको हे कोण म्हणालं? तो की तुम्ही?

रेजिना


विरार,
२८ ऑक्टोबर

पप्पा,

तीन आठवडे झाले. दिवाळीत कंदील घेऊन आले तर दाराला कुलूप. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आले, तरी कुलूप. फोन तुम्ही उचलत नाही. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

शेजारची कमळी मळ्यात दुधीला पाणी घालत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मास्तर काय घरात ऱ्हातो? रोज दुपारी निर्मळला जातो. तो दाढीवाला पोऱ्या पन संगती असतो. पानी पन पिऊन जात नाय." दाढीवाला म्हणजे विल्फ्रेड. तो, तुम्ही आणि सुधाकरकाका? तिघं एकत्र? काकांना फोन केला तर ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला बोलायची बंदी केली आहे," आणि ठेवून दिला.

कुंपण मोजणाऱ्यांचंही कमळीलाच विचारलं. गटाराच्या कामासाठी महापालिकेची माणसं आली होती. तिचंही कुंपण मोजलं. मी विल्फ्रेडवर आणि तुम्ही जयवंतवर, आपण दोघांनी केवढं रचलं होतं पप्पा.

आता मला कोणावर संशय घ्यायचा तेही कळत नाही. फक्त एवढं कळवा की श्वास कसा आहे.

रेजिना


पापडी,
९ नोव्हेंबर

रेजिना बाय,

श्वास बरा नाही. रात्री दोन उशा घेऊन बसून झोपतो. बाकी सांगतो ते शांतपणे वाच.

तुझं सहा ऑक्टोबरचं पत्र आलं त्या दिवशी मी विल्फ्रेडला म्हटलं, "चल, माझ्याबरोबर निर्मळला. तुझी पानं घे. सुधाकर त्याची घेईल. मी मधे बसतो." तो लगेच तयार झाला. खोटा माणूस तयार होत नाही, हे मी तेव्हाच मनाशी धरलं. पण सुधाकर त्याला हसेल ही धास्ती होती. म्हणून आधीच सांगितलं, हसलास तर उठून जाईन. तो हसला नाही. त्याच्या ओटीवर आम्ही पाटीवरची एकेक नोंद घेतली. सुधाकरकडे संगणक आहे, तो साल घातलं की आकाश दाखवतो. विल्फ्रेडचा त्यावर विश्वास नाही, माझाही नाही. यंत्रात कोणी काय भरून ठेवलं ते कसं कळणार?

चुकीच्या रात्रीचा प्रश्न मीच आधी काढला. विल्फ्रेड म्हणाला, "सर, एक चूक असली तर सगळी पाटी संशयित." मग मला माझे पेपर आठवले. एक मुलगा तीस उत्तरं लिहितो. एकोणतीस बरोबर येतात, आणि एका ठिकाणी फळ्यावरचा आठ उतरवताना नऊ होतो. अशा मुलाला मी कधी लबाड म्हटलं नाही. ज्यानं सगळं रचून लिहिलं असतं, त्यानं ही चूक ठेवलीच नसती. ती रात्र आठवी केली की चंद्र बरोबर त्या ताऱ्याशी येऊन बसतो. आणि ५८७ की ५८६ हा वाद एका वर्षाचा आहे. वीस वर्षांचा वाद कोणी घालत नाही.

मग शनी. तुझ्या चिठ्ठीवर भरवसा नव्हता, संगणकावर नव्हता. म्हणून मी म्हटलं, आज आकाशात शनी जिथे आहे तिथून मागे जाऊ. संध्याकाळी दिवेलागणीला सुधाकरनं गच्चीवर नेलं. पूर्वेला तो स्वच्छ दिसत होता, मीन राशीच्या कडेला, बाबेलच्या लेखनिकानं पाहिला त्याच भागात. कमळीच्या घरातही म्हणत होते, मीनेत शनी आहे म्हणून. तेव्हा त्यात कोणाची लबाडी नाही.

खाली येऊन भागाकार मी केला. ख्रिस्तपूर्व ५६८ पासून आजवर २५९२ वर्षं होतात. शून्य साल नसतं, म्हणून त्यात एक आधीच वजा केला आहे. त्याला शनीच्या एका फेरीनं, साडेएकोणतीसपेक्षा किंचित कमी इतक्या वर्षांनी, भागलं. जवळजवळ पूर्ण अठ्ठ्याऐंशी फेऱ्या येतात. म्हणजे तेव्हा तो जिथे होता तिथेच आज आहे. मग ५८८ घेतलं. अठ्ठ्याऐंशी फेऱ्या होऊन दोन तृतीयांश फेरी वर उरते. म्हणजे ५८८ साली तो मीनेत असणं शक्यच नाही. मी भागाकार पुन्हा उलटा करून पाहिला. विल्फ्रेडलाही करायला दिला. त्यालाही तेच उत्तर आलं.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता तो ग्रहांच्या नावांचं काढेल. त्यानं विचारलं, "सर, मग माझी आई?"

त्याची आई गेल्या वर्षी मुळगावला वारली. तो गोदामात रात्रपाळीला होता, पोचला नाही. प्रभू आला की मेलेले उठतील आणि डिसेंबरात ती भेटेल, एवढ्यावर हा मुलगा वर्षभर जेवतो-खातो आहे. ती बेरीज त्यानं जागेसाठी केली नव्हती आणि कुणाच्या वाडीसाठीही नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ऑपरेशन नको हे मी म्हणालो. त्यानं नाही.

तुझ्या आईला सहा वर्षांपूर्वी याच झडपेसाठी नेलं, तू तेव्हा बाळंतपणात होतीस. एलिसा घाबरली नव्हती, मीच घाबरलो होतो. डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर काय काय होऊ शकतं ते छापलं होतं. मी सही केली. ती आतून परत आली नाही. कुणाची चूक नव्हती, डॉक्टर माझ्याजवळ बसून रडले. पण पेन माझ्या हातात होतं. माझ्या वेळी ते पेन तुझ्या हातात येणार हे मला ऑगस्टमध्येच दिसलं. डिसेंबरात सगळं संपणार असेल तर ते पेन कुणाला धरावंच लागणार नाही. मला ती तारीख हवी होती, बाय. म्हणून मी बेरीज तपासली आणि सुरुवातीचा आकडा तपासला नाही. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

अट अट असते. तू दाखवून दिलंस, अर्धवट का होईना. नवी वेळ घे. मात्र नातेवाईकाची सही सुधाकर करील. मी त्याला विचारलं आहे, तो हो म्हणाला.

पप्पा


विरार,
१२ नोव्हेंबर

पप्पा,

पत्र जयवंतनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मला पुढचं दिसेना.

वेळ मिळाली: दोन डिसेंबर. एक तारखेला सकाळी आम्ही गाडी घेऊन येतो. विल्फ्रेडला सांगा, पुढे बसा, रस्ता त्यांना माहीत आहे.

सही सुधाकरकाका करणार नाहीत. मी त्यांना फोन करून सांगितलं आहे. आईच्या वेळी तुम्ही एकटे होता, मी पाळण्याशी होते. ह्या वेळी कागद मी वाचणार, सगळा, बारीक अक्षरातलासुद्धा, आणि तुम्हाला वाचून दाखवणार, एकही ओळ न गाळता. मग सही करणार. त्यानंतर काहीही झालं तरी ते पेनामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तुम्हीही आईबद्दल म्हणू नका.

ह्यावर वाद नको. लेखी किंवा तोंडी.

रेजिना


पापडी,
२१ डिसेंबर

रेजिना बाय,

तू काल सूप ठेवून गेलीस आणि म्हणालीस, "हात चालतो का बघा, चार ओळी लिहा." चालतो. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

टाके आता ओढत नाहीत. सकाळी विहिरीपर्यंत जातो आणि परत येतो, मधे थांबत नाही. जयवंत येतो तेव्हा माझ्यासमोर खिसे उलटे करून दाखवतो. त्याला सांग, पुरे.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती लिहितो. तेरा तारखेला तू दुपारी अंघोळीला घरी गेलीस, आणि विल्फ्रेड इस्पितळात आला. मंडळाचे बाकीचे लोक त्या दिवशी कामणला एका शेडमध्ये जमले होते. पाटीचं त्यानं त्यांना सांगितलं होतं. अर्ध्यांनी ऐकलं नाही. चौघांनी त्याला विकला गेलास म्हटलं. तिथे जायचं सोडून तो माझ्याकडे आला होता. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. स्टुलावर बसून मोसंबी सोलत राहिला. एकही फोड त्यानं खाल्ली नाही, मलाही धड दिली नाही. सारखा खिडकीकडे बघत होता. भागाकार त्यानं स्वतः केला होता, उत्तर त्याला आलं होतं, तरी बघत होता. मला बोलायला त्रास होत होता, म्हणून मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

संध्याकाळ झाली. नर्सनं दिवे लावले. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते, रोजच्यासारखे. त्यानं सालं कागदात बांधली आणि म्हणाला, "सर, मी घरी जाऊ?"

मी म्हटलं, "जा. उद्या येशील ना?"

"येईन," म्हणाला. मग तिथेच बसून रडला. लहान मुलासारखा, आवाज करून. शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. मी हात काढला नाही.

पाटीप्रमाणे मोजलं तर वीस वर्षांनी काय येतं, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, त्यानं माझी नखं कापून दिली, आणि मुळगावला आईच्या कबरीवर फुलं ठेवून आलो म्हणाला.

तुझा,
पप्पा